अवधानन्यूनता आणि बालकांचे हस्ताक्षर : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : अवधानन्यूनता, हस्ताक्षर, देवनागरी लिपी, लेखन-अक्षमता, परीक्षा-सवलती

प्रस्तावना

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कोणत्याही शाळेच्या आवारात गेले, तरी भिंतींवर रंगविलेल्या सुविचारांत सुंदर अक्षराला दागिना म्हणणारे एखादे वाक्य सहसा आढळतेच. त्यात गैर काही नाही. परंतु ज्या मुलाला हा दागिना प्रयत्न करूनही घडविता येत नाही, त्याच्याविषयी ती भिंत काही बोलत नाही. आणि भिंतीखाली उभे असलेले आपणही फारसे बोलत नाही.

इयत्ता चौथीतील अशा एका मुलाची वही कल्पनेने डोळ्यांपुढे आणावी. पहिली ओळ दुरेघी आखणीत नीट बसलेली आहे. शिरोरेषा सरळ आहे, शब्दांत पुरेसे अंतर आहे. तिसऱ्या ओळीपासून अक्षरे फुगू लागतात. पाचव्या ओळीत शब्द एकमेकांना चिकटतात, समास ओलांडला जातो, दोन ठिकाणी पेन्सिल इतकी दाबली गेली आहे की कागद फाटला आहे. आठव्या ओळीत एक शब्द दोनदा आला आहे आणि त्यापुढचे अर्धे वाक्य गळाले आहे. खाली लाल शाईत शेरा आहे : ‘अक्षर सुधार. लक्ष देऊन लिही.’ पालकसभेत गुरुजी पहिल्या ओळीवर बोट ठेवून सांगतात, ‘बघा, मनात आणलं तर जमतं त्याला. करायचं नसतं, एवढंच.’ आईही मान डोलावते, कारण घरी तिचाही अनुभव तोच असतो : पोरगं हुशार आहे, पण लिहायचं म्हटलं की अंग चोरतं.

प्रस्तुत लेखाचा विषय म्हणजे गुरुजींचा हा निष्कर्ष होय. पहिली ओळ चांगली आली, म्हणजे दहावी ओळ हेतुपुरस्सर बिघडविली, असे तर्कशास्त्र त्यामागे आहे. अवधानन्यूनता असलेल्या बालकांच्या बाबतीत हे तर्कशास्त्र मुळातच चुकते. पहिल्या व दहाव्या ओळीतील हे अंतर त्यांच्या बाबतीत आळसाचा पुरावा ठरत नाही. बहुधा तेच त्या विकाराचे लक्षण असते.

येथे एका परंपरेची आठवण होणे स्वाभाविक आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. ग्रंथाच्या आरंभीचे अक्षर आणि अखेरचे अक्षर एकाच टाकाने उतरल्यासारखे वाटावे, अशी अपेक्षा त्यात आहे. हस्तलिखितांच्या काळात ग्रंथ टिकविण्याची ती व्यावहारिक गरज होती आणि ती अपेक्षा प्रौढ, व्रतस्थ लेखकाकडून होती. नऊ वर्षांच्या मुलाच्या गृहपाठाला आपण नकळत तीच कसोटी लावतो. ज्याच्या मेंदूला सातत्य राखणेच अवघड जाते, तो या कसोटीवर रोज नापास होतो.

अवधानन्यूनता : संकल्पनेचा प्रवास

१९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी दिलेल्या व्याख्यानांत अशा बालकांचे वर्णन आढळते. बुद्धी ठीक असूनही स्वतःला आवरू न शकणारी ही मुले त्यांनी नेमकी टिपली. मात्र या दोषाला त्यांनी नैतिक नियंत्रणाचा दोष म्हटले. पुढे वैद्यकाने तो शब्द सोडला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये ‘अवधानन्यूनता विकार’ हे नाव आले, १९८७ मध्ये त्याला अतिचंचलतेची जोड मिळाली, तर १९९४ च्या आवृत्तीत अवधानन्यूनताप्रधान, अतिचंचलता-उतावीळपणाप्रधान आणि संमिश्र असे तीन प्रकार मानले गेले. आज डॉक्टर मंडळी सरसकट ‘एडीएचडी’ असा उल्लेख करतात. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनुसार लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसू लागलेली असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावीत, अशी अट आहे. शाळेत त्रास देणारा पण घरी व शेतात शांतपणे काम करणारा मुलगा या व्याख्येत सहजी बसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

वैद्यकाने नैतिकतेची भाषा शंभर वर्षांपूर्वीपासून टाकत आणली; शिक्षकांच्या शेऱ्यांत मात्र ती अजून टिकून आहे. ‘निष्काळजी’, ‘धांदरट’, ‘कामचुकार’ हे शब्द अक्षराचे वर्णन करीत नाहीत, तर मुलाच्या शीलाविषयी निवाडा देतात.

जगभरच्या पाहण्यांतून बालकांमधील या विकाराचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात सरासरी दोघे. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. या मुलांजवळ अवधान नसते असे नाही. हाच मुलगा क्रिकेटचा सामना वा मोबाईलवरील खेळ तासभर हलल्यावाचून पाहतो. अवधान कोठे लावायचे, किती वेळ टिकवायचे आणि कंटाळवाण्या कामाकडे ते पुन्हा कसे वळवायचे, याचे नियमन त्याला कठीण जाते. मुलींच्या बाबतीत तर घोटाळा अधिकच होतो. त्या पुष्कळदा अवधानन्यूनताप्रधान प्रकारात मोडतात, बाकावरून उठत नाहीत, कोणाला त्रास देत नाहीत. खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगी ‘शांत’ ठरते आणि नजरेतून निसटते.

लेखनक्रिया आणि देवनागरी लिपी

लेखन ही हाताची क्रिया आहे असे आपण समजतो. वस्तुतः हात हा त्या कामातील शेवटचा कारागीर होय. अमेरिकेतील शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया बर्निंजर यांनी लेखनाची जी मांडणी केली, तीत अक्षरे व शुद्धलेखन कागदावर उतरविणे, मजकूर रचणे आणि या दोहोंवर देखरेख ठेवणारे कार्यकारी नियंत्रण हे घटक मानले आहेत. हे सर्व कार्यरत स्मृतीच्या तुटपुंज्या भांडवलावर चालते. अक्षरे काढणे अंगवळणी पडले की ते भांडवल मजकुरासाठी मोकळे होते. अंगवळणी पडले नाही, तर प्रत्येक वेलांटी आपला वाटा मागते आणि विचारांसाठी काही उरत नाही. ‘तोंडी छान सांगतो, लिहायला दिले की दोन ओळी’ ही तक्रार प्रत्येक शिक्षकाने केलेली असते. तिचे उत्तर येथे आहे. अवधानन्यूनतेत कार्यरत स्मृती व देखरेख हे दोन्ही घटक दुबळे असतात. त्यामुळे ओझे दुहेरी होते.

हे बहुतेक संशोधन रोमन लिपीच्या आधारे झाले आहे. आपल्या लिपीचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा आणि माझ्या मते तो येथील शिक्षणशास्त्राने पुरेसा केलेला नाही. इंग्रजी शब्द लिहिताना हात साधारणतः डावीकडून उजवीकडे एका ओळीत सरकत जातो. देवनागरीत हात चारही दिशांना जातो. प्रत्येक प्रश्नपत्रिकेवर असणारा ‘विद्यार्थ्यांनी’ हा एकच शब्द पाहावा. पहिल्या अक्षराची वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर त्याच्या डावीकडे बसते. पुढे ‘द्य’ हे जोडाक्षर. त्यानंतरचा ‘र’ उच्चारात ‘थ’च्या आधी आहे, पण रफाराच्या रूपाने तो ‘थ’ व ‘य’ ओलांडून शिरोरेषेच्या वर जाऊन बसतो. तेथेच अनुस्वाराचाही टिंब द्यावयाचा असतो. शेवटी सबंध शब्दावर शिरोरेषा. म्हणजे कान ज्या क्रमाने ऐकतो, त्या क्रमाने हात चालत नाही. मधल्या काळात ‘अजून रफार राहिला आहे’ ही नोंद स्मृतीत धरून ठेवावी लागते. अशी नोंद टिकत नाही, हीच तर या मुलांची अडचण आहे. त्यांच्या वहीत रफार, अनुस्वार आणि उकार यांची जी गळती दिसते, तिच्यामागे बहुधा व्याकरणाचे अज्ञान नसून हे विस्मरण असते. तोंडी विचारल्यास तोच मुलगा रफार कोठे द्यावयाचा हे बरोबर सांगतो.

शिरोरेषेचेही तसेच आहे. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ या जोड्यांत भेद करण्याचे मोठे काम शिरोरेषेतील खंड करतो. घाईघाईने शब्दावरून एक सलग रेघ ओढली की ‘भरण’चे ‘मरण’ होते आणि ‘धन’चे ‘घन’. तपासणारा त्याला शुद्धलेखनाची चूक म्हणतो. ती खरे पाहता हात वेळेवर न थांबल्याची चूक असते. ज्या मुलाला कोणतीही कृती मधेच थांबविणे जड जाते, त्याच्याकडून ती वारंवार घडावी यात नवल नाही.

ज्योत्स्ना वैद व आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांसंबंधी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उच्चाराचा व लेखनाचा क्रम जुळत नसलेली ऱ्हस्व इकाराची अक्षरे वाचावयास अधिक जड जातात, असे आढळले. सोनाली नाग यांच्या २००७ मधील कन्नडविषयक अभ्यासातून भारतीय अक्षरमालेवर प्रभुत्व येण्यास प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात हे पुढे आले. दोन्ही अभ्यास वाचनाचे आहेत, लेखनाचे नव्हेत, आणि मराठीचेही नव्हेत. तरीही दुसरीच्या अखेरीस जोडाक्षरे ‘झाली’ असे समजून पुढे जाणाऱ्या वर्गात मंद गतीचे मूल कोठे सुटते, याचा अंदाज त्यांवरून येतो.

लक्षणे आणि भेद

मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी २००८ मध्ये या विषयावरील उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. अक्षर दुर्बोध असणे, आकारात व अंतरात सातत्य नसणे आणि गतीही विषम असणे, या गोष्टी त्यातून पुढे येतात. काही मुले अतिशय भरभर लिहितात, काही विलक्षण सावकाश. शिवाय अवधानन्यूनतेबरोबर हालचालींच्या समन्वयाचा दोषही पुष्कळ मुलांत असतो. काही अभ्यासांत हे प्रमाण निम्म्याच्या घरात जाते. अशा मुलाला शर्टाची बटणे लावणे, बुटाची नाडी बांधणे, कंपासने वर्तुळ काढणे हेही जमत नाही. त्याची पहिली ओळही वाईटच असते. तेथे प्रश्न मुख्यतः हाताचा असतो आणि उपायही व्यवसायोपचारतज्ज्ञाकडे असतो.

मात्र वाईट अक्षर दिसले की अवधानन्यूनता, असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. आपल्या परिसरात तर विशेषच. नीरा डाव्या कालव्याने १८८५ पासून या दोन तालुक्यांच्या काही भागाचे रूप पालटले, ऊस आला, पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर अशा कारखान्यांच्या परिसरात दिवाळीच्या सुमारास बीड व अन्य जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि हंगाम संपला की परततात. त्यांच्याबरोबर येणारे मूल वर्षातून दोनदा शाळा बदलते, पहाटे उठते, कोपीवर लहान भावंडे सांभाळते. ते वर्गात पेंगते, त्याचे अक्षर बिघडलेले असते. हा मेंदूचा विकार नव्हे, हा परिस्थितीचा परिणाम आहे. जिरायती भागातून मेंढरांमागे जाणाऱ्या धनगर कुटुंबांतील मुलांचेही असेच. दृष्टिदोष, कमी ऐकू येणे, रक्तक्षय, अपुरी झोप यांनीही अवधान ढळते. २०२० च्या मार्चपासून शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, तेव्हा जी मुले पहिली-दुसरीत होती, त्यांचा अक्षरे गिरविण्याचा काळच हरपला; त्यांच्या हस्ताक्षराचे मूल्यमापन करताना हे विसरून चालणार नाही. म्हणूनच चष्मा लागतो का, हे पाहण्याआधी मुलाला मानसोपचाराच्या दारात उभे करू नये. आणि गरिबीचे कारण पुढे करून खरा विकारही नजरेआड करू नये. ऊसतोड कामगाराच्या मुलालाही अवधानन्यूनता असू शकतेच.

‘लक्ष देऊन लिही’

या विषयावरील सर्वांत विचारप्रवर्तक काम जर्मनीतील ऑलिव्हर टुखा व क्लाउस लांगे यांचे आहे. अतिचंचल मुलांना त्यांनी हालचालींची नोंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर लिहावयास दिले आणि औषध चालू असताना व नसताना होणाऱ्या लेखनाची तुलना २००१ पासूनच्या शोधनिबंधांत मांडली. मेथिलफेनिडेट या औषधाने अक्षर पाहावयास अधिक नीटनेटके झाले. पण हाताच्या हालचालींची सहजता घटली. मुले जणू अक्षर कोरू लागली. डोळे मिटून वा नेहमीपेक्षा भरभर लिहावयास सांगितले, तेव्हा हालचाल पुन्हा ओघवती झाली. याचा अर्थ असा लावण्यात आला की, या मुलांच्या ठायी ओघवत्या हालचालीची क्षमता असते. अक्षराच्या प्रत्येक वळणावर जाणीवपूर्वक लक्ष ठेवले की ती खंडित होते.

सायकल चालविणाऱ्याने प्रत्येक पायडलकडे पाहावे, तसे हे आहे. आपण मात्र सर्वाधिक वेळा देतो तो उपदेश ‘लक्ष देऊन लिही’ हाच. अवधान हेच ज्याचे दुर्मीळ धन आहे, त्याला ते अक्षराच्या गोलाईवर खर्च करावयास सांगायचे आणि मग उत्तरात मुद्दे का नाहीत म्हणून विचारायचे, हा अन्याय आहे. त्याहून वाईट म्हणजे ‘हा धडा दहा वेळा लिहून आण’ ही शिक्षा. दहापैकी पहिल्या प्रतीतच जे व्हायचे ते होते; उरलेल्या नऊ प्रती बिघडलेल्या वळणाचाच सराव असतो. सरावाने अक्षर सुधारते हे खरे, पण चुकीच्या वळणाचा सरावही पक्का होतो, हे जुन्या पंतोजींना ठाऊक होते. म्हणूनच धूळपाटीवर बोट धरून वळण बसल्याखेरीज ते कित्ता हाती देत नसत.

औषधाचा निर्णय बालरोगतज्ज्ञ वा मनोविकारतज्ज्ञाचा आहे. औषधाने अवधान वाढते, अक्षर शिकविले जात नाही. ते शिकवावेच लागते. रोज दहा मिनिटे, थोडी अक्षरे, मोठ्या आखणीत. बालवाडीच्या बाई ‘ग म भ न’ या क्रमाने अक्षरे शिकवितात, ती पद्धत हाताच्या वळणाच्या साम्यावर उभी आहे आणि ती या मुलांसाठी वर्णमालेच्या क्रमापेक्षा अधिक सोयीची आहे. ओल्या वाळूत, फळ्यावर, पाटीवर खांद्यापासून हात फिरवून वळण बसवावे, मगच वही द्यावी. शिरोरेषा प्रत्येक शब्दाला ओढावी, ओळ संपल्यावर नव्हे. फळ्यावरून उतरवून घेण्याचे काम शक्य तितके कमी करावे. फळा ते वही या प्रवासात नजर व स्मृती दोन्ही हरवतात, आणि दोन-तीन इयत्ता एकत्र बसणाऱ्या द्विशिक्षकी शाळेत तर ती हमखास हरवतात. मजकुराचे गुण व अक्षराचे गुण वेगळे द्यावेत. मोठ्या मुलांसाठी टंकलेखन हा पर्याय खुला आहे. मोबाईलवर बोलून मराठी टंकित करणे आता शेतकरी पालकालाही जमते, मुलाला ते शिकविण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

निदानाची वाट आणि परीक्षेचे दार

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात तपासावयाच्या ३० आरोग्यस्थितींत अध्ययनदोष आणि अवधानन्यूनता-अतिचंचलता यांची नावे स्पष्टपणे आहेत. फिरत्या पथकाने शासकीय शाळांना वर्षातून एकदा भेट द्यावी, अशी त्याची रचना आहे. एका भेटीत दात, त्वचा, वजन, डोळे पाहता येतात. अवधान दिसत नाही. ते वर्गशिक्षकानेच सांगावे लागते. पथक येईल त्या दिवशी वर्गशिक्षकाने त्या दोन मुलांच्या वह्या डॉक्टरांपुढे ठेवल्या, तरी पुष्कळ काम होईल. त्यापुढील तपासणीसाठी येथील पालकाला दीर्घकाळ सुमारे शंभर किलोमीटरवरील पुण्याची वाट धरावी लागत असे. इंदापूरकरांना त्याहून अधिक. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की बालरोग व मनोविकृतिशास्त्र हे विभाग आलेच. शाळांनी त्यांच्याशी संधान बांधणे आता शक्य आहे. मराठीतून वाचन-लेखनाची चाचणी घेण्यासाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हे साधन तयार केले असून ते २०१५ पासून उपलब्ध आहे.

कायद्याच्या बाजूने एक पेच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि तीत लेखन-अक्षमता, म्हणजे डिसग्राफिया, नावानिशी आलेली आहे. अवधानन्यूनता मात्र त्या अनुसूचीत स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे केवळ ‘एडीएचडी’ असे निदान हाती असलेल्या मुलाला परीक्षेत सवलत मागताना अडचण येते. त्याची लेखन-अक्षमता वेगळी तपासून प्रमाणित करून घ्यावी लागते. २०१८ च्या राजपत्रातील सूचनांनुसार ही तपासणी वयाच्या आठव्या वर्षानंतर करून ती चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा करावयाची होती. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत अध्ययन-अक्षम मुलांना सवलती देण्यास १९९६ मध्येच आरंभ झाला होता. तथापि, मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांतील पालकांना त्या जितक्या ठाऊक आहेत, तितक्या ग्रामीण मराठी शाळांत ठाऊक नाहीत, हे कटू वास्तव होय.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात दिलेला निकाल आपणा प्राध्यापकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. उमेदवाराला लेखन करताना हाताला पेटके येण्याचा विकार होता. त्याचे अपंगत्व ४० टक्क्यांच्या मर्यादेत बसत नाही, म्हणून लेखनिक नाकारण्यात आला होता. ही मर्यादा आरक्षणासाठी आहे, लेखनिकासारख्या सोयीसाठी ती अट घालता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र शासनाने ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या, पण लिहिण्यास अडचण असलेल्या उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीत लेखनिकाची अथवा ताशी किमान २० मिनिटे अधिक वेळाची तरतूद होती.

ही मुले आपल्या वर्गात येतातच. अकरावीत, प्रथम वर्षात, कधी निदानासह, बहुतेकदा निदानाविना. चर्चेत चमकणारा आणि उत्तरपत्रिकेत विरून जाणारा विद्यार्थी प्रत्येक विभागाला माहीत असतो. त्याच्या उत्तरपत्रिकेचे पहिले पान आणि दहावे पान शेजारी ठेवून पाहण्यास फार वेळ लागत नाही. शंका आल्यास महाविद्यालयातील समुपदेशन कक्षाने त्याला तज्ज्ञाकडे पाठवावे. परीक्षा विभागाने अर्ज आयत्या वेळी न मागता सत्राच्या आरंभीच मागवावेत. मात्र एकोणिसाव्या वर्षी निदान करू पाहणारा डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो तो लहानपणचा. बारा वर्षांच्या आधी ही लक्षणे होती, याला पुरावा काय? आईवडिलांची आठवण पुसट झालेली असते, जुने शिक्षक बदलून गेलेले असतात. तिसरी-चौथीच्या वह्या असतील, तर त्यांतील सरळ पहिली ओळ, कोसळलेली आठवी ओळ आणि तारखेसह केलेले लाल शाईतील शेरे यांहून बोलका पुरावा दुसरा नाही. आपल्याकडे त्या वह्या मे महिन्यात किलोच्या भावाने रद्दीत जातात. ज्या मुलाविषयी शंका आहे, त्याची दरवर्षीची निदान एक वही बाजूला काढून ठेवावी, एवढे पालकसभेत सांगता येईल.